खान्देशातील वन पर्यटन स्थळी सामूहिक सहलीसाठी पॅगोडा भाड्याने घेणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाऊबंदांचा मेळावा, दहावीच्या जुन्या तुकडीचे संमेलन, कार्यालयातील सहकाऱ्याचा निरोप किंवा बचत गटाची सहल अशा निमित्ताने पंचवीस-पन्नास माणसांनी एकत्र जंगलात जाऊन दिवस घालवण्याची पद्धत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत चांगलीच रुळली आहे. पाल, पाटणादेवी, तोरणमाळ, लळिंग, मनुदेवी, उनपदेव ही नावे अशा वेळी हमखास पुढे येतात. वन विभागाच्या किंवा गावच्या समितीच्या देखरेखीखालील वन उद्यानात आणि पर्यटन स्थळी छताखालची जागा, म्हणजेच पॅगोडा, घेऊन कार्यक्रम करायचा असेल, तर ज्यांच्यावर आयोजनाची जबाबदारी येते त्यांना नेहमी पडणारे प्रश्न येथे घेतले आहेत.

पॅगोडा भाड्याने घेतल्यावर नेमके काय मिळते?

बहुतेक ठिकाणी चार किंवा सहा खांबांवर उभे असलेले छत, खाली फरशी किंवा कोबा, आणि कडेने बसण्यासाठी सिमेंटचा कट्टा एवढेच मिळते. चारही बाजू उघड्या असतात. लग्नाच्या कार्यालयाची सवय झालेल्या मंडळींना हे आधीच समजावून सांगावे लागते, कारण स्वयंपाकघर, भांडी, सतरंज्या, वीज, पंखे आणि हाताखाली माणसे यांपैकी काहीही गृहीत धरता येत नाही. स्वच्छतागृह जवळ आहे का, त्यात पाणी असते का आणि त्याची किल्ली कोणाकडे असते, हे तीन प्रश्न जागा पाहतानाच विचारावेत. जागा ठरवण्याआधी गटातील एखाद्याने प्रत्यक्ष जाऊन यावे, असा आमचा आग्रह आहे, कारण भ्रमणध्वनीवर आलेल्या छायाचित्रात गळके पत्रे आणि उखडलेली फरशी दिसत नाही.

अर्ज कोणाकडे करावा?

जागा कोणाच्या ताब्यात आहे यावर ते अवलंबून असते आणि खान्देशात ही बाब जरा गुंतागुंतीची आहे. जळगाव जिल्ह्यात जळगाव आणि यावल असे दोन प्रादेशिक वनविभाग आहेत. नंदुरबार जिल्ह्यात नंदुरबार वनविभागाबरोबरच तळोद्याचा मेवासी वनविभाग आहे. अभयारण्ये वन्यजीव शाखेकडे असतात, म्हणजे त्यांचा कारभार प्रादेशिक वनविभागाहून वेगळा चालतो. पाल हे १९६९ मध्ये घोषित झालेल्या यावल अभयारण्यातील ठिकाण आहे, तर चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवी ही १९८६ मध्ये घोषित झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येते आणि या अभयारण्याचे क्षेत्र जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणच्या वन कार्यालयात जाऊन ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे ऐकून परतण्यापेक्षा, त्या स्थळाच्या तपासणी नाक्यावरील वनरक्षकाला किंवा वनपालाला ‘हे कोणत्या वनपरिक्षेत्रात येते’ असे विचारणे सोपे पडते. अर्ज सामान्यतः वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे द्यावा लागतो. काही ठिकाणी दैनंदिन व्यवस्था संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे सोपवलेली असते, तेथे पैसे समिती घेते आणि पावतीही तीच देते.

अर्जात कार्यक्रमाचा हेतू, तारीख, येण्या-जाण्याची वेळ, प्रौढ व मुले यांची वेगवेगळी संख्या, वाहनांचे क्रमांक, स्वयंपाक तेथे करणार की तयार अन्न आणणार, आणि जबाबदार व्यक्तीचे नाव व ओळखपत्राची प्रत एवढे असले की पुढच्या निम्म्या शंका मिटतात. मंजूर अर्जाची छायांकित प्रत आणि भरलेल्या रकमेची पावती सहलीच्या दिवशी सोबत असावी, कारण नाक्यावर त्या दिवशी कर्तव्यावर असलेल्या कर्मचाऱ्याला आपल्या मंजुरीची कल्पना असेलच असे नाही.

किती दिवस आधी आरक्षण करावे?

साध्या दिवसासाठी पंधरा दिवस पुरतात. डिसेंबर-जानेवारीतील रविवार, शाळांच्या सहलींचा काळ आणि श्रावणातील सुट्ट्या यांसाठी महिनाभर आधी विचारणा करावी. नवरात्रात पाटणादेवी आणि मनुदेवी येथे, तसेच महाशिवरात्रीच्या यात्रेच्या काळात तोरणमाळला जागा मिळण्याचा प्रश्न तर आहेच, पण जागा मिळाली तरी गर्दीमुळे कौटुंबिक मेळाव्याचा हेतू साधत नाही. त्या तारखा टाळाव्यात हे उत्तम.

भाडे किती असते?

दर स्थळागणिक वेगळे असतात आणि बदलतही असतात, म्हणून येथे आकडा देण्यात अर्थ नाही. मात्र दर विचारताना एकच रक्कम न विचारता तिचे तुकडे विचारावेत : पॅगोड्याचे भाडे, माणशी प्रवेश शुल्क, वाहन शुल्क, कॅमेऱ्याचे शुल्क, स्वच्छता शुल्क आणि परत मिळणारी अनामत. ‘पॅगोड्याचे इतके’ असे ऐकून वर्गणी ठरवली जाते आणि नाक्यावर पन्नास जणांचे प्रवेश शुल्क व चार गाड्यांचे पैसे खजिनदाराला खिशातून भरावे लागतात, असा प्रकार वारंवार घडतो. दिलेल्या प्रत्येक रुपयाची छापील पावती घ्यावी आणि ज्या रकमेची पावती मिळत नाही ती रक्कम नम्रपणे नाकारावी.

कोणत्या महिन्यात जाणे योग्य ठरते?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध हा सर्वांत सोयीचा काळ होय. दिवसा ऊन सुसह्य असते आणि नदी-नाल्यांत थोडे पाणी टिकून असते. सकाळच्या गारठ्यात लहान मुलांना स्वेटर मात्र लागतो. पावसाळ्यात सातपुडा हिरवागार दिसतो हे खरे, पण तेव्हा उघड्या पॅगोड्यात आडवा पाऊस आत येतो, सामान भिजते आणि कच्च्या रस्त्यावर मिनीबस रुतते. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा मधला काळ त्या मानाने बरा.

फेब्रुवारीच्या मध्यानंतर चित्र बदलते. आपल्याकडचे जंगल शुष्क पानझडीचे आहे. साग, सालई, अंजन, धावडा यांची पाने गळून जमिनीवर वाळक्या पाल्याचा थर साचतो आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम समजला जातो. या काळात वन विभागाचे कर्मचारी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) आणि आगीच्या पाहणीत गुंतलेले असतात, परवानग्या कडक होतात आणि तेथे स्वयंपाकाला साफ नकार मिळू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवीन नाही. हजार मीटरहून उंच असलेल्या तोरणमाळचा अपवाद सोडला, तर उन्हाळ्यात वृद्ध आणि लहान मुले असलेल्या गटाने उघड्या पॅगोड्यात दिवस काढण्याचा हट्ट धरू नये.

एका पॅगोड्यात किती माणसे मावतात?

उभे राहून गप्पा मारणारी माणसे आणि पंगतीला बसणारी माणसे यांचा हिशेब वेगळा आहे. पंगतीत एका पानाला साधारण दोन फूट रुंदी लागते आणि समोरासमोरच्या दोन ओळींमध्ये वाढणाऱ्याला चालता येईल इतकी मोकळी जागा सोडावी लागते. वीस फूट लांब व वीस फूट रुंद छताखाली कागदावर चार ओळींत चाळीस पाने बसतात. प्रत्यक्षात खांब, पिशव्या, पाण्याचे जार आणि कट्ट्यावर बसणारी वयस्कर मंडळी धरली, तर तीस पानांची पंगत नीट होते. साठ जणांचा गट असेल तर दोन पंगती ठरवूनच जावे. वयस्करांना व मुलांना पहिल्या पंगतीत बसवावे, म्हणजे दुपारच्या उन्हात कोणी ताटकळत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी सात-आठ घडीच्या खुर्च्या गाडीत टाकाव्यात.

आम्हाला भरीत पार्टी करायची आहे. वांगी तेथेच काड्यांवर भाजता येतील का?

हा प्रश्न थंडी सुरू झाली की सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर अनेकांना आवडत नाही. अभयारण्यात असाल तर नाही, आणि राखीव वनात असाल तर लेखी परवानगीशिवाय नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवणे किंवा पेटती सोडणे यास मनाई आहे, आणि राखीव वनात आग पेटवण्यावर व बाळगण्यावर भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ चे निर्बंध आहेत. ‘आम्ही पाणी टाकून विझवू’ हा युक्तिवाद अधिकारी ऐकत नाहीत आणि ते बरोबरच आहे. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या काड्या यांचा जाळ मोठा व उडता असतो. वांगी आतपर्यंत शिजवायला नेमका तोच उपयोगी पडतो, पण त्याच्या ठिणग्या वाऱ्याबरोबर सहज लांब जातात. वरून विझलेल्या राखेच्या पोटात निखारा बराच वेळ जिवंत राहतो आणि दुपारचा वारा सुटला की तो पाल्यापर्यंत पोहोचतो.

यावर सोपा तोडगा आहे आणि जाणत्या मंडळींनी तो केव्हाच स्वीकारला आहे : भाजणे शेतात, ठेचणे जंगलात. सकाळी निघण्यापूर्वी कोणाच्या तरी मळ्यात वांगी भाजून घ्यावीत. भरताची हिरवी-पांढरट, मोठी वांगी घ्यावीत. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि आसोदा-बामणोद भागातील वांगी त्यासाठी प्रसिद्ध आहेत. भाजण्यापूर्वी प्रत्येक वांग्याला दोन-तीन ठिकाणी टोचा मारावा, नाहीतर ते जाळात फुटते. देठाजवळ दाबून पाहावे, तेथे बोट सहज रुतले की वांगे झाले असे समजावे. गरम असतानाच ती घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा पातेल्यात भरली तर वाफेने साल सैल होते आणि पॅगोड्यात पोहोचल्यावर सोलण्याचे काम दहा जणांच्या हातांनी थोड्या वेळात उरकते. देठ टाकू नयेत, सोललेले वांगे त्यालाच धरून ठेचणीत सोडता येते. लाकडी भांड्यात वांगी ठेचून त्यात ठेचलेली हिरवी मिरची व लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, तळलेले शेंगदाणे आणि तेल घातले की भरीत तयार होते. फोडणीचेच हवे असेल तर गॅसची परवानगी आधी घ्यावी. वांग्याचे प्रमाण माणशी अर्धा किलो धरावे. त्यापेक्षा कमी धरणाऱ्या आयोजकाला दुसऱ्या पंगतीत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

कळण्याच्या भाकरी गावातून करवून आणाव्यात आणि कापडात गुंडाळून टोपलीत ठेवाव्यात. पुऱ्या दुपारपर्यंत वातड होतात.

आचारी घेऊन गेलो आणि गॅसवर स्वयंपाक केला तर चालेल का?

काही स्थळी ठरवून दिलेल्या जागेत चालते, काही ठिकाणी अजिबात चालत नाही. परवानगी मिळाल्यास आचाऱ्याकडे १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर असावे. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरणे नियमबाह्य आहे. शेगडी पॅगोड्याच्या फरशीवर न ठेवता मोकळ्या, पाला झाडून काढलेल्या जागी ठेवावी आणि शेजारी पाण्याने भरलेल्या दोन बादल्या असाव्यात.

स्वयंपाक टाळायचा असेल तर पदार्थ निवडतानाच प्रवासाचा विचार करावा. वरण-बट्टी चांगली टिकते. शेवभाजीचा रस्सा वेगळा न्यावा आणि शेव पानात वाढताना घालावी, अन्यथा पोहोचेपर्यंत तिचा लगदा होतो. दही, ताक आणि बासुंदी यांच्यासाठी बर्फाची पेटी असेल तरच ते न्यावे.

मांसाहारी जेवण किंवा नवसाचा कार्यक्रम करता येईल का?

देवस्थानाच्या परिसरातील आणि अभयारण्यातील नियम वेगवेगळे असतात. पाटणादेवी येथे दोन्ही लागू होतात. नवसाचा, जावळाचा कार्यक्रम असेल तर तो अर्जात स्पष्ट लिहावा. शिजवलेले मांसाहारी अन्न आणू देण्यास स्थळाची हरकत नसली, तरी हाडे आणि उरलेले अन्न तेथे टाकल्यास कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. म्हणून उरलेले सर्व अन्न परत नेण्याची तयारी असेल तरच असा बेत करावा.

मद्यपान चालते का?

नाही. अभयारण्याच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात आणि सार्वजनिक ठिकाणच्या मद्यपानावर महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली कारवाई होऊ शकते. गटातील दोघांमुळे पन्नास जणांची सहल नाक्यावरूनच परत फिरू शकते, हे निमंत्रणातच लिहिलेले बरे.

पाण्याची व्यवस्था कशी करावी?

सर्व पाणी सोबत न्यावे असे धरूनच चालावे. पिण्यासाठी हिवाळ्यात माणशी तीन लिटर पुरते, म्हणजे पन्नास जणांना १५० लिटर, अर्थात २० लिटरचे आठ जार. हात धुणे, भांडी विसळणे आणि स्वच्छतागृह यांसाठी वेगळे पाणी लागते. त्यासाठी एखादी टाकी पिकअपमध्ये भरून नेणे हे जार वाढवण्यापेक्षा स्वस्त पडते. नाल्याचे किंवा कुंडाचे पाणी स्वच्छ दिसले तरी पिऊ नये. भांडी तर तेथे मुळीच धुऊ नयेत, कारण साबणाचे तेच पाणी पुढे जनावरे पितात.

डीजे, स्पीकर किंवा ऑर्केस्ट्रा लावता येईल का?

अभयारण्यात नाही. इतर वन उद्यानांतही ध्वनिक्षेपकाला सहसा परवानगी मिळत नाही. निरोपाच्या भाषणांसाठी माइक आवश्यकच वाटत असेल, तर तीस जणांच्या मेळाव्यात उभे राहून मोठ्याने बोलणे पुरेसे होते, असा अनुभव आहे. भजनी मंडळाच्या टाळ-मृदंगाबाबत मात्र बरेच अधिकारी समजुतीने घेतात. विचारून पाहावे.

शाळेची सहल नेताना वेगळे काय करावे लागते?

शिक्षण विभागाची पूर्वपरवानगी, प्रत्येक पालकाचे लेखी संमतिपत्र आणि मुली असल्यास सोबत शिक्षिका या बाबी आवश्यक आहेत. प्रवासासाठी एसटीची बस प्रासंगिक करारावर, म्हणजे त्या सहलीपुरती भाड्याने, मिळते आणि शालेय सहलींना भाड्यात सवलत आहे. त्याची चौकशी जवळच्या आगारात करावी. विद्यार्थ्यांची यादी तीन प्रतींत असावी : एक मुख्याध्यापकांकडे, एक बसमध्ये आणि एक नाक्यावर देण्यासाठी.

पाटणादेवीला जाणाऱ्या शाळांना एक सुचवावेसे वाटते. या परिसरात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद असलेला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख सापडला. मुलांना नुसते मंदिर दाखवून जेवायला बसवण्यापेक्षा पॅगोड्यातच गणिताच्या शिक्षकांनी ‘लीलावती’तील एखादे उदाहरण घालावे. कमळे, मधमाश्या आणि हंस यांची ती उदाहरणे जंगलात बसून सोडवायला मुलांना आवडतात.

पिकअप किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसे नेली तर चालेल का?

मालवाहू वाहनातून प्रवासी नेणे बेकायदा आहे, आणि सातपुड्यातील वळणांच्या रस्त्यावर ते जिवावर बेतते. शहादा-तोरणमाळ घाटात तर चालकाला घाटाचा अनुभव आहे याची खात्री करूनच गाडी ठरवावी. सामानासाठी पिकअप आणि माणसांसाठी बस अशी विभागणी करावी.

मधमाश्या, साप आणि वानरे यांच्यापासून कोणती काळजी घ्यावी?

तिन्हींपैकी गटासाठी सर्वांत मोठा धोका मधमाश्यांचा आहे, तरीही लोक सापाचीच चौकशी करतात. उंच झाडांवर, कड्यांवर आणि क्वचित निरीक्षण मनोऱ्याच्या छताखाली आग्या मोहोळ असते. धूर, उग्र अत्तर, दगड मारणे आणि फटाके यांनी माश्या उठतात. पॅगोड्यात सामान उतरवण्याआधी एकाने छताचा आतला भाग व भोवतालची झाडे पाहून घ्यावीत आणि मोहोळ दिसल्यास जागा बदलून मागावी. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड व डोके कापडाने झाकून, लांब पळत जाऊन काचा बंद केलेल्या गाडीत बसावे. रुतलेला काटा नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढावा. चेहऱ्याला सूज, धाप किंवा चक्कर दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सापाच्या बाबतीत सूचना थोडक्यात अशी : झुडपात हात घालू नये, दगड उलटू नयेत, अंधारात बॅटरीशिवाय चालू नये. दंश झालाच तर दोरी बांधणे, चिरा देणे आणि मांत्रिकाकडे नेणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. तो अवयव न हलवता जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वन विभागाच्या मदतीसाठी १९२६ हे क्रमांक आहेत. मात्र सातपुड्याच्या आतल्या भागात नेटवर्क असेलच याचा भरवसा नाही, म्हणून जवळचे रुग्णालय कोठे आहे आणि कोणती गाडी तेथे जाणार हे सकाळीच ठरलेले असावे.

वानरांना काहीही खायला देऊ नये. केळी तर पिशवीबाहेर काढूच नयेत. केळीच्या मुलखातल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको होते, पण दर सहलीत कोणीतरी घड घेऊन येतोच.

धबधब्यात किंवा धरणात पोहता येईल का?

पोहू नये. पालजवळील सुकी नदीवरच्या गारबर्डी धरणावर आणि पाटणादेवीच्या केदारकुंडाकडे पावसाळ्यात मोठी गर्दी होते. डोंगरमाथ्यावर झालेल्या पावसाचे पाणी खाली कोरडे असतानाही अचानक वाढते. पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा काटक्या-पाला वाहत येऊ लागला, तर चप्पल शोधत न बसता तत्काळ वर यावे. मुलांची मोजणी दर तासाला करावी आणि ते काम एकाच व्यक्तीकडे द्यावे. सगळ्यांनी लक्ष ठेवायचे ठरते तेव्हा कोणीच ठेवत नाही.

बॅनर, फुगे आणि सजावट करता येईल का?

झाडांना खिळे ठोकणे, तारा बांधणे आणि खोडांवर रंग लावणे यास मनाई असते. बॅनर हवाच असेल तर तो कापडी असावा आणि पॅगोड्याच्या खांबांना सुतळीने बांधावा. फुगे, चमकीचे कागद आणि फटाके आणूच नयेत. फुटलेल्या फुग्याचे रबर गुरांच्या पोटात जाते. ड्रोन उडवण्यासाठी वेगळी परवानगी लागते आणि कौटुंबिक कार्यक्रमासाठी ती मिळण्याची आशा धरू नये.

ताटे, पेले आणि कचरा यांचे काय?

थर्माकोलची ताटे आणि एकदाच वापरायचे प्लास्टिकचे पेले-चमचे यांवर राज्यात मार्च २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. पळसाच्या पत्रावळी व द्रोण मिळाले तर उत्तम, घरची स्टीलची ताटे त्याहून उत्तम. पत्रावळी निसर्गात कुजतात म्हणून तेथेच टाकाव्यात, हा गैरसमज आहे. तेलकट पत्रावळीच्या वासाने रानडुकरे रात्री येतात आणि मग हळूहळू त्या जागेला सरावतात. ओला कचरा झाकणाच्या डब्यात व सुका पोत्यात भरून तो गावी परत न्यावा. स्थळावरच्या कचराकुंडीत पन्नास माणसांच्या जेवणाचा कचरा मावत नाही.

किती वाजेपर्यंत थांबता येते? मुक्काम करता येईल का?

अभयारण्यात सामान्यतः सूर्यास्तापूर्वी बाहेर पडावे लागते. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे आवराआवर चारला सुरू झाली पाहिजे. पॅगोड्यात रात्री राहता येत नाही. मुक्कामासाठी वन विश्रामगृहाचे किंवा पर्यटक निवासाचे स्वतंत्र आरक्षण करावे लागते.

जेवण किंवा वाटाड्या स्थानिक गावातून घेता येईल का?

घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाल आणि तोरणमाळ परिसरातील पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांतील बचत गट भाकरी-भाजीची ऑर्डर घेतात का, हे वनरक्षकाकडे विचारावे. आठवडाभर आधी संख्या कळवावी आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. वाटाड्या घेतल्यास मुले भरकटत नाहीत, शिवाय मोह, चारोळी आणि टेंभुर्णी ही झाडे ओळखून दाखवणारा माणूस बरोबर असतो. गावात जाऊन विनापरवानगी लोकांची, घरांची छायाचित्रे काढू नयेत.

ऐनवेळी सहल रद्द झाली तर पैसे परत मिळतात का?

आयोजकांनी रद्द केल्यास काय होते हे पावतीमागच्या अटींवर अवलंबून असते. वणवा, अतिवृष्टी किंवा वन्यप्राण्याच्या वावरामुळे वन विभागानेच स्थळ बंद ठेवल्यास दुसरी तारीख मिळते का, हे पैसे भरतानाच विचारून घ्यावे. आचारी व बसमालक यांच्याशीही तशीच बोली करावी. खरे नुकसान पॅगोड्याच्या भाड्यात होत नाही, या दोघांना दिलेल्या आगाऊ रकमेत होते.

अनामत रक्कम परत मिळण्यासाठी काय करावे?

आल्याबरोबर पॅगोड्याची छायाचित्रे काढावीत आणि आधीच तुटलेले काही असल्यास ते वनरक्षकाला तेव्हाच दाखवावे. निघताना फरशी झाडून, तेलाचे डाग पुसून त्याच कर्मचाऱ्याकडून जागा तपासून घ्यावी आणि पावतीवर सही घ्यावी. अनामत काही ठिकाणी जागेवरच रोख परत मिळते, काही ठिकाणी कार्यालयातून नंतर बँक खात्यात जमा होते. म्हणून अर्जासोबत ज्यांचे खाते दिले आहे, त्याच व्यक्तीने पावतीची मूळ प्रत सांभाळावी.